ओली चकली वजनाला जास्त भरते

पहिला फोन धनत्रयोदशीच्या सकाळी आला. २०१९ची दिवाळी. शिवाजी पार्कच्या एक काकू, कितीतरी वर्षं आमच्याकडून फराळ नेणाऱ्या. "अगं, चिवडा झकास, लाडूही छान. पण चकली रबरासारखी लागतेय गं. मऊ पडलीय."

मी तोंडाला येईल ते उत्तर दिलं. "हवा बघा ना काकू कसली दमट आहे. डब्याचं झाकण सैल राहिलं असेल."

हवा दमट होती हे खोटं नव्हतं. त्या वर्षी पाऊस जायचं नावच घेत नव्हता. अरबी समुद्रात 'क्यार' चक्रीवादळ उठलं होतं आणि लालबागमध्ये कंदीलवाले ताडपत्री पांघरून बसले होते. पण दुपारपर्यंत आणखी चार फोन आले. एक दादरहून, एक मुलुंडहून, दोन आमच्याच चाळीतून. पाच घरांतली झाकणं एकाच दिवशी सैल कशी राहतील?

शिल्लक पाकिटांतलं एक फोडलं आणि चकली मोडून पाहिली. चांगली चकली मोडताना एकदाच आवाज करते, दोन तुकडे हातात येतात आणि थोडा चुरा खाली सांडतो. ही आधी वाकली, मग तुटली. वेटोळ्याच्या मधोमध, जिथे एक कडी दुसरीला चिकटते, तिथे पीठ अजून पिवळट आणि ओलसर होतं. खाटेवर बसलेल्या आईंनी (माझ्या सासूबाई, पण चाळीत सगळे त्यांना आईच म्हणतात) एक चकली उचलली, एक घास घेतला, उरलेली ताटलीत ठेवली आणि चहा मागितला. बोलल्या काहीच नाहीत. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

धंदा मुळात त्यांचा. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सासरे परळच्या एका गिरणीत कामाला होते. संप लांबत गेला, पगार थांबला तो थांबलाच. घरी राहून पैसे मिळवायचे म्हटलं की गिरणगावातल्या बाईला आधी खाणावळ सुचायची. अशा खाणावळवाल्या बायका इतक्या होत्या की प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. पण संपात खाणावळ काढून उपयोग काय? जेवणारेच गावी निघून गेलेले. आईंनी म्हणून दादर-माटुंग्याच्या नोकरदार घरांकडे मोर्चा वळवला. तिथल्या बायकांना दिवाळीत फराळ करायला वेळ नव्हता आणि पगार मात्र चालू होता. पहिल्या वर्षी अकरा किलो चकली गेली, हे त्या आजही सांगतात. अकराच्या अकरा किलो कुणाकुणाकडे गेली, तेही सांगतात.

मी लग्न होऊन आले तेव्हा एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेब लिहायचे. २०१६ला नोकरी सोडली आणि फराळात पूर्णवेळ उतरले. मला हा धंदा म्हणजे सोन्याची कोंबडी वाटायची आणि आई तिला मुद्दाम उपाशी ठेवतात असंही वाटायचं. गिऱ्हाईक मागतंय, माल चांगला आहे, मग नाही का म्हणायचं? मी व्हॉट्सअ‍ॅपवर यादी फिरवली, छापील पाकिटं केली, अन्न सुरक्षेची नोंदणी काढली. बारा लाखांच्या आत उलाढाल असली की त्या वेळी नोंदणीवर भागायचं, वर्षाला शंभर रुपये. तो चौदा आकडी नंबर पाकिटावर आला तेव्हा मी एक पाकीट देवापुढे ठेवलं होतं. २०१५ला सगळा फराळ मिळून साठ किलो होता. २०१८ला दोनशे दहा. २०१९ला मी चारशे वीस किलोच्या ऑर्डरी घेतल्या आणि त्यात चकलीच दीडशे किलो. काळाचौकीला महिनाभरासाठी गाळा भाड्याने घेतला, दोन मोठ्या शेगड्या, कमर्शियल सिलिंडर, मजुरीवर चार बायका.

आई गाळ्यावर दोनदाच आल्या. गुडघे दुखतात म्हणून, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं कारण असं की दुसऱ्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, "आई, तुम्ही मध्ये मध्ये थांबवलंत की सगळ्यांचा वेग जातो."

तर धनत्रयोदशी. आता खराब माल परत मागवायचा, पण कुठला? दीडशे किलो चकली सात दिवसांत तळलेली. त्यातली कुठल्या दिवसाची बिघडली, कुणाच्या हातची, कुठल्या भाजणीची, हे सांगणारी एकच जागा होती, पाकिटावरची 'बॅच क्र.' ही ओळ. लेबलवर ती ओळ लागते असं कळलं म्हणून मी छापून घेतली होती. आणि सगळ्या पाकिटांवर तिथे '०१' छापलं होतं. छापणाऱ्याने विचारलं होतं, "मॅडम, नंबर बदलत जाणार का?" मी म्हटलं होतं, "नाही हो, एकच टाका, स्वस्त पडेल."

त्यामुळे सरसकट सगळ्यांना फोन केले. हिशेबाची वही घेऊन बसले आणि एकेका नावापुढे खूण करत गेले. ज्यांची चकली ठीक होती तेही आता संशयाने खाणार, हे कळत होतं. अडतीस किलो परत आली. आई आणि मी मिळून दोन रात्रींत घरच्या शेगडीवर पंधरा किलो नव्याने केली आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवऱ्याने स्कूटरवरून पोहोचवली. बाकीच्यांचे पैसे परत. मुलुंडच्या बाईंनी पैसे घेतले नाहीत आणि पुढच्या वर्षी ऑर्डरही दिली नाही.

कारण शोधायला बसले ती तुळशीच्या लग्नानंतर. सुरुवातीला सगळं खापर पिठाच्या गिरणीवर फोडलं, कारण तिथे एक सरळ चूक सापडली होती. २१ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं. आमचे नेहमीचे गिरणीवाले काका मतदानाला गावी गेले, गिरणी बंद. मी भाजणीचा डबा दुसऱ्या गिरणीत पाठवला आणि पोऱ्याला सांगायला विसरले की तांदळावर दळून आण. चकलीची भाजणी करणाऱ्या प्रत्येक घरात हे वाक्य असतं. गिरणीच्या दगडात आधीच्या दळणाचं पीठ राहतं. गव्हामागून भाजणी दळली तर ते गव्हाचं चिकट पीठ तिच्यात उतरतं आणि चकली चिवट होते. तांदळामागून दळली तर बिघडत नाही. तो डबा गव्हामागून दळला गेला. पण तो होता वीस किलोंचा. परत आलेली चकली अडतीस किलो, आणि ज्यांनी मुकाट्याने खाल्ली त्यांचा हिशेबच नाही. गिरणीवर सगळं ढकलता येईना.

मग गरम गरम भरल्यामुळे पाकिटात वाफ धरली असेल, असं ठरवलं. त्यातही तथ्य होतं. गाळा लहान, पसरायला जागा नाही, तासाभरात चकली पाकिटात. पण तेही पुरेसं नव्हतं, कारण मी फोडलेल्या चकलीत ओल वरून आलेली नव्हती, आतच राहिलेली होती.

खरं कारण कळलं ते घरच्या शेगडीवर. चौघींपैकी कळव्याच्या ताईंना मी मुद्दाम बोलावलं. हात चांगला, चकलीला काटा सुरेख येतो त्यांचा. म्हटलं, गाळ्यावर करत होता तसंच करा, मी फक्त बघते. त्यांनी सोऱ्या भरला, झाऱ्यावर चकल्या पाडल्या, तेलात सोडल्या. तेलात भरपूर बुडबुडे. मिनिटा-दोन मिनिटांत रंग आला, उलटवल्या, दुसऱ्या बाजूला रंग आला, आणि त्यांनी झारा घातला. बुडबुडे अजून चालूच होते.

आई खाटेवरून म्हणाल्या, "घाई कित्याक गो? त्याल काय पळान जातला?"

ताईंनी झारा तसाच धरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आई, किलोवर पैसे आहेत ना. थांबलं की दिवसाचे तीन-चार किलो कमी भरतात."

चकली तळताना जे बुडबुडे येतात ती पिठातल्या पाण्याची वाफ असते. पाणी आहे तोवर बुडबुडे आहेत. ते बसले, तेल शांत झालं, की चकली आतून कोरडी झाली. रंगाचं यात काही नाही. तेल जास्त तापलेलं असेल तर रंग दोन मिनिटांतही येतो. आई चाळीस वर्षं रंगाकडे नाही, बुडबुड्यांकडे बघत होत्या, आणि मी गाळ्याच्या भिंतीवर कागद लावला होता: 'बदामी रंग येताच काढणे'.

त्या दुपारी मी वजनकाटा काढला. एक किलो मळलेलं पीठ ताईंनी गाळ्यावरच्या पद्धतीने तळलं, एक किलो आईंच्या पद्धतीने. पहिल्याची चकली भरली ८१० ग्रॅम. दुसऱ्याची ७३५. मधले पंच्याहत्तर ग्रॅम म्हणजे मुख्यतः पाणी. किलोवर मजुरी, म्हणजे जितकी लवकर काढाल तितके घाणे जास्त आणि प्रत्येक घाणा वजनाला जड. मी ओलाव्याचे पैसे मोजत होते. वर तोच ओलावा पाकिटात भरून ४८० रुपये किलोने विकत होते.

हा दर माझा. आई शेजारच्या दोघींना दिवसावर घ्यायच्या. दिवसाचे ठरलेले पैसे, दोन वेळा चहा, दुपारचं जेवण, भाऊबीजेला साडी. मला ते अव्यवहारी वाटलं होतं. बायका गप्पा मारतात, काम रेंगाळतं, म्हणून मी एक्सेलमध्ये तक्ता करून किलोचा दर काढला होता आणि त्या तक्त्याचा मला अभिमान होता. दहा-बारा वर्षं हिशेब लिहिलेल्या बाईला हे दिसू नये याची लाज आजही वाटते.

लाजेचं आणखी एक गणित आहे, तेही सांगून टाकते. किलोला साधारण पन्नास चकल्या बसतात. दीडशे किलो म्हणजे साडेसात हजार. आमच्या कढईत एका वेळी दहा, म्हणजे साडेसातशे घाणे. पाडणं, तळणं, बुडबुडे बसेपर्यंत थांबणं, काढणं, सगळं धरून घाण्याला दहा मिनिटं लागतात. एकशे पंचवीस तास. आमच्याकडे दोन कढया, सात दिवस, आणि रोजचे प्रत्यक्ष तळणाचे सहा तास. दोन्ही कढयांचे मिळून चौऱ्याऐंशी तास. भागून बघा, घाण्याला पावणेसात मिनिटंही येत नाहीत. म्हणजे चौघींनी कितीही जीव ओतला असता तरी चकली कच्ची निघणारच होती. ऑर्डरी घेतल्या त्याच दिवशी ते ठरलं होतं. मी हे गणित दिवाळी झाल्यावर, डिसेंबरात मांडलं.

त्यानंतरचा हिवाळा आईंच्या मागे काटा घेऊन फिरण्यात गेला. त्यांना तो पोरखेळ वाटायचा. "अंदाज असतो," एवढंच उत्तर. मग मी अंदाजच मोजायला घेतला. भाजणीत धणे 'मूठभर' पडतात. त्यांना तीनदा मूठ भरायला लावली: ३८, ४१, ३९ ग्रॅम. माझी मूठ: ५२, ३५, ४४. मी त्यांना आकडे दाखवले तर म्हणाल्या, "मग तुझी मूठ मूठच नाय." त्यांची मूठ हेच वजन होतं, फक्त ते कुणाला देता येत नव्हतं. आता भाजणीच्या वहीत धणे ४० ग्रॅम आहेत.

भाजण्याचं मात्र वजनात बसवायला खूप दिवस लागले. आई डाळ भाजताना कढईकडे क्वचितच बघतात. उलथनं फिरताना डाळीचा आवाज बदलतो, कच्ची डाळ जड वाजते, भाजली की हलकी, किणकिणल्यासारखी. गाळ्यावर मी पाच-पाच किलो डाळ एकदम घातली होती. तेवढ्या ढिगात आवाजही कळत नाही आणि खालची करपेपर्यंत वरची कच्ची. तो आवाज माझ्या कानाला काही येईना. शेवटी असं सुचलं की भाजताना डाळीतलंही पाणीच जातं, मग तेही काट्यावर दिसायला हवं. आईंनी भाजलेली हरभऱ्याची डाळ सात-आठ वेळा आधी आणि नंतर तोलली. किलोमागे साठ ग्रॅमच्या आसपास घट, दर वेळी. आता आम्ही दीड किलोपेक्षा जास्त डाळ एका कढईत घालत नाही आणि उतरवण्याआधी तोलतो. घट कमी असेल तर परत कढईत. मोहनही ठरलं, किलोला १२० मिली कडकडीत तेल. त्याहून जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी झालं तर दगड. तेलासाठी थर्मामीटर आणला, तो आईंनी पहिल्या दिवशी चमचा समजून धुऊन ठेवला.

पाणी काही ठरलं नाही. तांदूळ जुना असला की जास्त पाणी पितो, नवा कमी, आणि दुकानदार दोन्हीला जुनाच म्हणतो. तिथे अजूनही एका मुठीचं पीठ भिजवून, चकली पाडून, ती तुटते का बघावं लागतं. वहीत पाण्याच्या रकान्यात 'बघून' असं लिहिलंय.

काम वाटून कसं द्यायचं, हा प्रश्न राहिलाच होता. चौघींना गाळ्यावर एकत्र आणण्याचं भाडं परवडत नव्हतं. त्यांच्या घरी काम द्यावं तर चार घरांच्या चार चवी. लिज्जतचं उदाहरण मुंबईत कुणी ना कुणी देतंच. गिरगावात १९५९ मध्ये सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, ही गोष्ट मीही दहादा ऐकली होती. पण आता मी ती वेगळ्या कानाने ऐकली. तिथे पीठ केंद्रावर मळतात, बायका ते मळलेलं पीठ घरी नेतात, लाटून-वाळवून दुसऱ्या दिवशी परत आणतात आणि तिथे ते तपासून, तोलून घेतात. म्हणजे घरोघर गेलं ते लाटणं. पीठ घरोघर गेलं नाही. मी २०१९ला याच्या बरोबर उलटं केलं होतं. वेळ वाचावा म्हणून काही भाजणीसुद्धा दोघींना त्यांच्या घरी करायला दिली होती आणि तळणीच्या दरावर मात्र स्वतः डोळा ठेवून होते.

तेव्हापासून भाजणी आमच्या घरातच होते, आईंसमोर. दळण एकाच गिरणीत, तांदळामागून, आणि गिरणी बंद असेल तर त्या दिवशी दळण नाही. मजुरी दिवसावर. आणि प्रत्येक घाण्याची वही: तारीख, भाजणीचा डबा कितवा, कढईवर कोण, किती वाजता. पाकिटावर तोच नंबर हाताने लिहायचा. छापील '०१'ची उरलेली पाकिटं रद्दीत गेली. तेवढ्यात एक सरकारी नियमही नव्याने कळला, की तळणाच्या तेलातल्या पोलर घटकांना (तेल पुन्हा पुन्हा तापवून खराब होतं तसे हे वाढतात) २५ टक्क्यांची मर्यादा आहे, २०१८च्या जुलैपासून. आई तेल आधीही लवकरच बदलायच्या, खवट वासाची त्यांना चीड. ते एक मला शिकावं लागलं नाही.

वही बायकांना अजिबात आवडली नाही. भांडुपच्या मावशी सरळ म्हणाल्या, "वहिनी, हे आमच्या चुका पकडायला ना?" मी नाही म्हटलं, पण तसं दिसत होतंच. नाव लिहिलं की माणूस चूक लपवायला बघतो. बिघडलेला घाणा चांगल्यात मिसळून टाकायचा, म्हणजे नाव वाचलं. उपाय आईंनी काढला. एक पत्र्याचा डबा आणून कढईजवळ ठेवला आणि म्हणाल्या, ज्यांना जी चकली खावीशी वाटत नाही ती यात टाकायची, विचारायचं नाही. पैसे कापायचे नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतः पाडलेल्या चार चकल्या त्यात टाकल्या. त्या चार चकल्यांत मला तरी काही खोट दिसली नव्हती. मला वाटतं आईंनाही नसावी.

२०२०ला ऑर्डरी निम्म्यावर होत्या आणि आम्हाला तेच हवं होतं. त्या वर्षी कळव्याच्या ताई येणार कशा, हाच मोठा प्रश्न होता. कोरोनामुळे लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी चालू. २१ ऑक्टोबरपासून बायकांना सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि मग संध्याकाळी सातनंतर प्रवासाची मुभा मिळाली. त्यामुळे आमची पाळी आपोआप ठरली. बारा वाजता कढई तापायची आणि सातपर्यंत निघायची कुणालाच घाई नाही, कारण निघताच येत नव्हतं. साठ किलो चकली झाली. एकही फोन आला नाही. म्हणजे आला, पण 'आणखी आहे का' म्हणून.

आता चकली शंभर किलोवर थांबते. दोन कढया, दहा मिनिटांचा घाणा, घरच्यांच्या कमरेला झेपतील एवढे तास, यातून जेवढी निघते तेवढी. किंमत वाढवावी लागली, ४८०चे ५६० झाले, आणि त्यात काही जुनी गिऱ्हाइकं गेली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्याच गल्लीत यापेक्षा स्वस्त चकली मिळते आणि तीही काही वाईट नसते. अनारसे बंद केले. तुपात सोडल्यावर अनारसा कधी हसेल आणि कढईभर पसरेल, याचा अंदाज आईंच्या वहीतही नाही. करंजीवर अजून माझा जीव वरखाली होतो.

२०२२ला लोअर परळच्या एका ऑफिसातून तीनशे डब्यांची मागणी आली. प्रत्येकात पाव किलो चकली. पंच्याहत्तर किलो, आठ दिवसांत, घरगुती गिऱ्हाइकांच्या शंभर किलोंवर. मी म्हटलं, चिवडा देते, लाडू देते, शंकरपाळे देते, चकली नाही. त्यांना सगळं एका ठिकाणाहून हवं होतं. ऑर्डर गेली. ते ऑफिस एका जुन्या गिरणीच्या जागेवर उठलेल्या टॉवरमध्ये आहे. आईंना पत्ता सांगितला तर म्हणाल्या, "तिकडे तर आमच्यावेळी नुसता भोंगा." नवरा दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होता. दीड लाखाची ऑर्डर होती. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मीही परत एकदा कढयांचं गणित मांडून बघितलं होतं, कुठून तीस तास निघतात का म्हणून. निघाले नाहीत.

२०२४च्या दिवाळीत, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, मी भरायला घेतलेली पाकिटं मोजत होते. ऐंशीच्या पुढे गेलो होतो, तीन किलो कमी पडत होती, आणि संध्याकाळी दादरचा माणूस न्यायला येणार होता. कळव्याच्या ताई कढईवर. त्यांनी एक घाणा काढला, जाळीवर ठेवला, थोड्या वेळाने त्यातली एक मोडली, कानाजवळ नेली की काय असं मला वाटलं, आणि दहाच्या दहा चकल्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या. वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचा घाणा सोडला.

मी जाऊन डब्यातली एक खाल्ली. मला ती ठीक वाटली. मी हात पुसले आणि दादरच्या माणसाला फोन लावला, की उद्या सकाळी या.